गाडी मागे घेणारा माणूस

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते सारखे ट्रक मागे घेताना दिसतील आणि वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. लायसन नव्हतं, ते काढावं असं कधी मनातही आलं नव्हतं. सायकल होती, पण वळायची वेळ आली की खाली उतरायचं, सायकल उचलून फिरवायची आणि मग पुन्हा बसायचं, अशी त्यांची पद्धत. तरीही लालबागच्या आमच्या गोदामात ते होते तोवर एकही गाडी त्यांच्याशिवाय मागे गेली नाही.

गोदाम कागदाचं. एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवाराचा उरलेला कोपरा आमच्या वाट्याला आला होता. बाकीच्या आवारात काचेचा टॉवर उभा राहिला आणि त्याच्या सावलीमुळे आम्हाला दुपारी तीनलाच दिवे लावावे लागायचे. गल्ली अरुंद, फाटक त्याहून अरुंद आणि आत गाडी वळवायला जागा नाही. त्यामुळे येणारा प्रत्येक ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि तिथून उलटा आत यायचा, तो माल उतरवायच्या ओट्याला मागचा फाळका टेकेपर्यंत. हे सगळं अंतर काकांच्या हातात असायचं.

काका सगळेच म्हणायचे. कागदोपत्री ते यार्ड सुपरवायझर होते. बारीक अंगाचे, गुडघ्यात थोडे वाकलेले, खांद्यावर पांढरा नॅपकिन. ट्रक आला की नॅपकिन उजव्या हातात यायचा. शिट्टी त्यांना चालत नसे. शिट्टी वाजवणाऱ्याला वाटतं की आपण काहीतरी करतोय, असं त्यांचं मत. ते तोंडानेही फारसं बोलत नसत. बाकीचे लोक गाडीच्या मागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ असा घोष लावतात. काका फक्त नॅपकिनचा हात हलवायचे आणि थांबवायचं झालं की हात खाली. नवीन ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी ते सांगत, “मागे जाताना ड्रायव्हर मी. तू नुसता पाय. आरशात मी दिसेनासा झालो की पाय उचल.”

मी तिथे डिस्पॅचच्या टेबलावर लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. ठाकूरद्वारला घर, बी.कॉम. झालेलं, आणि गोदाम म्हणजे काय ते माहीत नाही. पहिल्याच दिवशी ओट्यावर उभी राहून चलन तपासताना मी दोन पावलं मागे सरकले. मागे काही नव्हतं, भिंत होती. तरी काका खालून ओरडले, “काय गो, मागे बघितलंस?” मी म्हटलं, भिंत आहे. ते म्हणाले, “आत्ता बघून सांगतेस. सरकलीस तेव्हा माहीत होतं?” मला त्या माणसाचा राग आला आणि तो पुढे बरेच दिवस टिकला.

खरं तर सगळ्यांनाच त्यांचा थोडा थोडा राग यायचा, कारण ते वेळ खात. ट्रक मागे घ्यायच्या आधी ड्रायव्हरने खाली उतरून गाडीच्या मागून पायी ओट्यापर्यंत चालत जायचं आणि परत येऊन बसायचं, हा त्यांचा नियम होता. आधी स्वतःच्या पायाने मागे जा, मग चाकाने, असं ते म्हणत. दिवसाला पंधरा गाड्या आल्या तर पंधरा वेळा ही वारी. बाहेरगावचे ड्रायव्हर शिव्या घालत आणि काका त्या शांतपणे ऐकून घेत. नियमात सूट फक्त एका सरदारजीला होती. त्याचा गुडघा गेला होता, म्हणून त्याच्याऐवजी काका स्वतः दोनदा चालत. एकदा स्वतःसाठी, एकदा त्याच्यासाठी.

रोज सकाळी फाटक उघडलं की ते स्वतः फाटकापासून ओट्यापर्यंत उलटे चालायचे. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. हात मागे बांधून, मान न वळवता, एकेक पाऊल. रात्रीतून कोणी काही ठेवलंय का, फरशी उचकटली आहे का, ते पायाला कळतं म्हणे. टॉवरच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी असलेली माणसं हे बघायची. एकाने व्हिडिओ काढला होता आणि तो आमच्या मॅनेजरपर्यंत आला. मॅनेजरनी काकांना बोलावून विचारलं की हे काय आहे. काका म्हणाले, “ट्रकला काय दिसत नाय ते बघतो.”

ऑफिसात त्यांच्याबद्दल एक दंतकथा होती. लहानपणी त्यांचा भाऊ ट्रकखाली गेला, म्हणून हे वेड. कोणी सांगे भाऊ, कोणी सांगे गिरणीतला मित्र. एकदा डबा खाताना मी सरळ विचारून टाकलं. त्यांना आश्चर्य वाटलं. असं काहीच झालेलं नाही, म्हणाले, भाऊ मालवणला आहे, त्याची आंब्याची कलमं आहेत. मग घास चावत थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “माणूस पुढे जातो तेव्हा चुकला तर निदान बघत तरी असतो.” आणि मला कुळथाची पिठी वाढली. दंतकथा मात्र तशीच चालू राहिली, कारण ती जास्त बरी होती.

मालकांच्या मुलाचा किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. तो परदेशात शिकून आला होता आणि नव्या गाडीतून पहिल्यांदाच गोदाम बघायला आला. निघताना गाडी मागे घ्यायची होती. काका तिच्या मागे जाऊन उभे राहिले. आतून मुलाने काच खाली करून सांगितलं की काका, सेन्सर आहेत, तुम्ही बाजूला व्हा. काका हलले नाहीत. गाडीतले सेन्सर टिटवीसारखे ओरडायला लागले, कारण मागे काकाच होते. शेवटी मुलगा खाली उतरला, चडफडत मागे चालून आला, फाटकापर्यंत गेला आणि तिथे त्याला फाटकाच्या कडेला झोपलेली मांजर आणि तिची तीन पिल्लं दिसली. त्याने ती बाजूला केली आणि मग गाडी मागे घेतली. पुढच्या खेपेपासून तो गाडी गल्लीच्या बाहेरच उभी करायचा.

गणपतीच्या आधी पंधरा दिवस काकांची खरी चलती. मूर्तींच्या कारखान्यातून उंच मूर्ती ट्रॉलीवर चढवून बाहेर काढायच्या, तर लालबाग-परळच्या गल्ल्यांत ट्रॉली आधी मागे घ्यावी लागते, मग वळवावी लागते. दोन-तीन मंडळं त्यासाठी काकांना नेत. एका वर्षी त्यांनी वळणावर ट्रॉली थांबवली आणि ढोल बंद करायला सांगितले. कार्यकर्ते चिडले. एवढं पथक आणलंय, मोबाईल वर झालेत, आणि हा म्हातारा ढोल बंद करा म्हणतो. काका म्हणाले की मागून कोण ओरडला तर मला ऐकू यायला हवं. ढोल बंद झाले आणि अख्खी गल्ली दहा मिनिटं गप्प उभी राहिली. मूर्ती निघाली, मग गुलाल उडाला. काकांनी गुलाल लावून घेतला नाही, कारण डोळ्यांत जातो.

पुढे कंपनीने स्वतःचा नवा ट्रक घेतला. त्याला मागे कॅमेरा होता आणि ड्रायव्हरसमोर छोटा पडदा. ट्रकवर किरणला घेतलं. किरण वरळीच्या बीडीडी चाळीतला, तिशीचा, गाडी लोण्यासारखी चालवायचा. कंत्राटदारामार्फत लागला होता आणि कायम होण्याची वाट बघत होता. काकांना तो आवडायचा, कारण न सांगता खाली उतरून मागे चालून यायचा. पण कॅमेरा त्यांना आवडत नव्हता. ते त्याला टीव्ही म्हणत. टीव्ही बघत गाडी चालवू नको, माझ्याकडे बघ, असं किरणला रोज ऐकवायचे. किरण हसून म्हणायचा, “काका, दोघांकडे बघतो ना.” त्यावर काका म्हणत की दोघांकडे बघणारा कोणाकडेच बघत नाही. कॅमेरा आल्यापासून त्यांचा चेहरा जरा पडलेलाच असायचा. आपली गरज संपणार, असं त्यांना वाटत असावं. असं मला वाटतं, ते कधी बोलले नाहीत.

आता दसऱ्याकडे येते. ते मला टाळता येणार नाही.

दसऱ्याला आमच्याकडे सकाळी गाड्यांची पूजा व्हायची आणि मग सुट्टी. पूजा काका करायचे. हळदकुंकू, नारळ, चाकांखाली लिंबं आणि झेंडूचे हार. त्या वर्षी कंपनीचा पहिलाच ट्रक, म्हणून हार जाडजूड आणले होते. एक पुढे, एक मागे. किरण त्या दिवशी नव्हता, तो दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जातो, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रेल्वेतून उतरून थेट कामावर आला. आमच्या गोदामात आदल्या दिवसाची फुलं अजून तशीच होती. पाचव्या दिवसाच्या आत हार उतरवायचा नाही, अशी काकांची समजूत होती.

किरण ट्रक घेऊन एक फेरी करून आला, गल्लीच्या तोंडाशी थांबला, उतरला, मागे चालून गेला, परत आला. मी तेव्हा ओट्यावरच होते, म्हणून पुढचं ऐकलं. त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, “काका, पडद्यावर नुसतं पिवळंच दिसतंय. हार आलाय वाटतं कॅमेऱ्यावर.” काका म्हणाले, “असू दे. मी आहे ना. माझ्याकडे बघ.” नॅपकिन हातात आला आणि ट्रक मागे यायला लागला. मागचा भोंगा टी-टी करत होता, पण तो दिवसभर इतक्या गाड्यांचा वाजतो की आमच्याकडे कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

मी आदल्या दिवशी आपट्याची पानं आणली होती. ठाकूरद्वारच्या आमच्या घरी मोठ्यांना सोनं दिल्याशिवाय दसरा संपत नाही, आणि काका पूजा आटपून लगेच गेले होते. एव्हाना माझा त्यांच्यावरचा राग जाऊन तिथे माया आली होती, हेही सांगायला हवं. मी ओट्यावरून खाली उतरले, बाजूने त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, “काका, सोनं घ्या.” आणि पाया पडायला वाकले.

ते वळले. मला उठवायला वाकले, माझ्या हातातली पानं घेतली, काहीतरी आशीर्वाद दिला. तीन सेकंद असतील, चार असतील. ट्रक मागे येत होता. आरशात काका दिसत होते, थांबायची खूण दिसली नव्हती, त्यामुळे किरणने पाय उचलला नाही. त्याला शिकवलं होतं तसंच तो वागत होता. ओट्याच्या कडेवर मारुती वाकला होता. मारुती आमचा माथाडी, पाटणकडचा, करी रोडला गावच्या माणसांबरोबर खोलीत राहणारा. हारातला एक झेंडूचा पुंजका तिथे पडला होता, तो पायदळी जाऊ नये म्हणून उचलायला तो वाकला होता. फाळका ओट्याला टेकला तेव्हा कडेबाहेर आलेलं त्याचं उजवं पाऊल मध्ये होतं.

काकांचा हात खाली आला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मारुतीच्या ओरडण्याचं वर्णन मी करणार नाही. आम्ही त्याला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी त्याच्या पावलाचा पुढचा भाग काढला.

पोलीस आले आणि त्यांनी पहिल्यांदा विचारलं की चालवत कोण होतं. किरण पुढे झाला. काका त्याच्या पुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले की माझं नाव लिहा. हवालदाराने विचारलं, तुम्ही चालवत होतात? काका म्हणाले, नाही, मला येत नाही. हवालदार जरा वैतागला. मग काकांनी त्याला समजावून सांगायला सुरुवात केली की मागे जाताना ड्रायव्हर कोण असतो. ठाण्यात ते दोन तास बसून होते. शेवटी केस किरणवरच झाली, कारण कायद्याच्या कागदात स्टिअरिंगमागचा माणूस हाच ड्रायव्हर असतो. काकांचा जबाब घेतला, तो मागे जोडला.

आठवड्याने ऑफिसात चौकशी झाली. मॅनेजर, कंत्राटदाराचा माणूस, माथाडींचा एक प्रतिनिधी, किरण, काका. आणि टेबलाच्या कडेला मी, कारण माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं होतं. मॅनेजरचं आधीच ठरलं होतं. चालकाचा हलगर्जीपणा, असं लिहायचं आणि किरणला कंत्राटदाराकडे परत पाठवायचं. त्यात कंपनीची सुटका होती. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला लवकर मोकळं व्हायचं होतं. किरण समोर बसून नखं कुरतडत होता. त्याचं लग्न ठरलं होतं.

काकांनी विचारायची वाट पाहिली नाही. हार मी घातला, म्हणाले. कॅमेरा झाकला गेला ते किरणने सांगितलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी मलाही दिसलं होतं. काढला नाही. मॅनेजरनी विचारलं, का? काका म्हणाले, “बरं वाटलं मला. टीव्ही बंद पडला म्हणून.” मग ते म्हणाले, “आणि गाडी मी मागे घेत होतो. माझी नजर हलली. पोराने काय चूक केली? त्याला मी दिसत होतो.”

मॅनेजरनी विचारलं, “पण नजर हलली कशाने? काही कारण असेल ना. कोणी हाक मारली, काय झालं?”

काका थांबले. ते टेबलाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. खूप वेळ थांबले असं मला वाटलं. किरणला काही माहीत नव्हतं, तो गाडीत होता आणि आरशात त्याला काकांची वाकलेली पाठ तेवढी दिसली होती. बाकी माथाडी ओट्याच्या आत होते. मी पेन धरून बसले होते. माझी नोकरी अजून प्रोबेशनवर होती, वडील नुकतेच निवृत्त झाले होते, आणि मी स्वतःला सांगत होते की काका बोलतील, मग मी हो म्हणेन.

“हलायला नको होती,” काका म्हणाले. “कारण काही असो.”

मी लिहिलं : मार्गदर्शकाचे लक्ष विचलित झाले. कारण सांगितले नाही. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली.

किरणची नोकरी वाचली. केस चालली, लायसन काही महिने अडकलं, मग सुटलं, आणि पुढे तो कायमही झाला. मारुतीला कंपनीने आत बसून रिमांवर लेबलं लावायचं काम दिलं. त्याची नुकसानभरपाई वगैरे रीतसर झाली. काकांना यार्डमधून काढलं. निवृत्तीला सात महिने राहिले होते, ते त्यांनी माझ्या टेबलाला लागून असलेल्या टेबलावर काढले. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला की त्यांचा उजवा हात टेबलावरून आपोआप उचलला जायचा. मग त्यांच्या लक्षात यायचं आणि ते पेन उचलायचे. हे मी सात महिने रोज बघितलं आणि काही बोलले नाही. मला लाज वाटत होती, पण ती बोलण्याइतकी कधी झाली नाही. मी मनात एक गोष्ट पक्की केली होती की काकांनी मला वाचवलं, ते मोठ्या मनाचे आहेत, आणि त्या मोठेपणाला आपण हात लावू नये. हा विचार फार सोयीचा होता.

काका निवृत्त झाले. मी कायम झाले, मग डिस्पॅचची मुख्य झाले, आणि सेफ्टीचं काम माझ्याकडे आलं. दर सोमवारी सकाळी ओट्यावर सगळ्यांना उभं करून मी दहा मिनिटं बोलते. नवीन मुलं आली की त्या अपघाताचं उदाहरण देते. नाव घेत नाही. फक्त सांगते की एका मार्गदर्शकाचं लक्ष तीन सेकंद विचलित झालं आणि एका माणसाचं पाऊल गेलं, म्हणून लक्ष महत्त्वाचं. मुलं माना डोलावतात. मारुती आत लेबलं लावत असतो, त्याला ऐकू जातं. असं तीन वर्षं चाललं.

मग एक दिवस किरण माझ्या टेबलापाशी आला. तो अधूनमधून काकांना भेटायला जातो. म्हणाला, “मॅडम, काकांनी बोलावलंय तुम्हाला. रविवारी. घरी.” कशाला ते त्याला माहीत नव्हतं. मी सोमवारी मुलांना काय सांगते, हे त्याने काकांना गप्पांत सांगितलं होतं एवढंच.

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास मी गेले. लालबागचीच चाळ, दुसरा मजला, लांबलचक गॅलरी, टोकाची खोली. मी मिठाईचा डबा नेला होता. काकी आत स्वयंपाक करत होत्या, बसा हां, म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या. काका खाटेवर बसले होते, बरेच वाळले होते. त्यांनी डब्याकडे बघितलं नाही. पाणीही विचारलं नाही. मालवणी घरात आलेल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे मला कळत होतं.

मी आपणहून सुरुवात केली. एवढी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं, ते म्हणून टाकलं. “काका, तुम्ही त्या दिवशी माझं नाव घेतलं नाहीत. मला वाचवलंत. मी कधी आभार मानले नाहीत.”

ते माझ्याकडे नीट बघायला लागले. त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं असं दिसत होतं.

“वाचवलं?” ते म्हणाले. “मी थांबलो होतो गो. तू बोलशील म्हणून.”

मी मिठाईचा डबा खाली ठेवला.

“माझं मी सांगितलं. हाराचं सांगितलं, नजरेचं सांगितलं. तुझं मी कसं सांगणार? ते तू सांगायचं होतं. साहेबाने विचारलं तेव्हा मी किती वेळ गप्प होतो, आठवतं ना? तू लिहीत होतीस.”

राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं. ज्याला मी इतकी वर्षं मोठेपणा म्हणत आले होते ते नुसतं थांबणं होतं, आणि त्या थांबण्यात माझ्यासाठी जागा ठेवलेली होती. ती मला दिसली होती. दिसली नव्हती असं म्हणणं खोटं होईल. मी रडायला लागले. काकांनी मला गप्प केलं नाही. ते उठले, कपाटावरून नातवाची वही काढली, मधलं एक पान फाडलं आणि पेनासकट माझ्यासमोर ठेवलं.

“लिही.”

मी विचारलं, आता याचा काय उपयोग? केस संपली, फाइल बंद झाली.

“मारुती हाय ना अजून तिथे,” ते म्हणाले. “सोमवारी मुलांना सांगतेस तेव्हा तो ऐकतो. त्याला अर्धंच ऐकवतेस.”

मी लिहायला घेतलं. सवयीने वर अपघाताची तारीख घातली. त्यांनी बोट ठेवून ती खोडायला लावली आणि आजची घालायला सांगितली. मग मी लिहिलं की मार्गदर्शक गाडी मागे घेत असताना मी त्यांच्यापाशी गेले, सोनं दिलं, पाया पडले, त्यामुळे त्यांची नजर हलली, आणि चौकशीत हे मी सांगितलं नाही. चार ओळी झाल्या. अक्षर चांगलं आलं नाही. खाली सही केली.

काकांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. उद्या ओट्यावर वाचून दाखव, मारुतीला बाहेर बोलावून, असं सांगितलं. मी मान हलवली. मग आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी काकींना हाक मारली.

“पानं घे गो. ही जेवून जातली.”